रस्त्यावर बसवलेलं गाणं

‘सूरज’ या १९६६ च्या सिनेमातलं, वरातीत हमखास मागितलं जाणारं ते गाणं मास्तरांनी आमच्या बँडला बसवलं १९८४ च्या मार्गशीर्षात. मी अठरा वर्षांचा होतो आणि दुसऱ्या युफोनियमवर होतो. मूळ गाण्यात व्हायोलिनांची भरगच्च साथ आहे. आमच्याकडे माणसं अकरा: दोन क्लॅरोनेट, तीन ट्रम्पेट, दोन युफोनियम, एक सॅक्सोफोन, साइड ड्रम, ढोल आणि झांज. इंग्लंडातल्या ब्रास बँडात क्लॅरोनेट नसतो, सॅक्सोफोनही नसतो, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे मात्र क्लॅरोनेट नसेल तर लोक बँडला बँडच म्हणणार नाहीत.

मास्तरांनी व्हायोलिनांचं काम दोन क्लॅरोनेटांत वाटलं. एक वाजवत असताना दुसऱ्यानं दम घ्यायचा, आणि सांधा कुठं आहे ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मुखडा ट्रम्पेटला दिला, अंतरा युफोनियमला. त्याचं कारण त्यांनी सांगितलं तेव्हा मला ते केवढं साधं वाटलं होतं: ट्रम्पेटवाल्यांच्या ओठांना तेवढीच विश्रांती. तीन तासांच्या वरातीत ओठ सुजतात, वरचे स्वर फुटायला लागतात. अंतरा दुसऱ्याकडे गेला की ओठ सावरतात आणि पुढचा मुखडा परत खणखणीत निघतो.

गाळ्यात बसून सगळं जुळलं तेव्हा आम्हाला वाटलं, झालं. मास्तर म्हणाले, “आता हे चालवा.” संध्याकाळी ते आम्हाला मागच्या गल्लीत घेऊन गेले. घोड्याच्या जागी एक रिकामी हातगाडी मागं लावली आणि स्वतः एका वाड्याच्या पायरीवर घड्याळ बघत उभे राहिले. आम्ही वाजवत त्यांच्यासमोरून गेलो. त्यांनी परत बोलावलं.

“मी या घरातली म्हातारी आहे. वाजतंय म्हणून दारात आले. तुम्ही माझ्यासमोरून गेलात त्यात मला नुसता अंतरा ऐकू आला. कुठलं गाणं होतं तेच कळलं नाही मला.”

वरात एका दारासमोरून जायला मिनिट-दीड मिनिट लागतं. त्या दारातल्या माणसाला आपलं गाणं तेवढंच मिळतं. म्हणून मास्तरांनी गाणं तोडलं. अंतऱ्याच्या दर दोन ओळींनंतर मुखड्याचा पहिला तुकडा परत आणला. गल्ली जिथं वळते तिथं आवाज भिंतीला आपटून उलटा येतो आणि ढोल मागं पडल्यासारखा वाटतो. तिथं सगळ्यांनी अंतरा सोडून सरळ मुखड्यावर यायचं, कारण मुखडा सगळ्यांना झोपेतही येतो. लष्करी बँड मिनिटाला एकशे वीस पावलांनी चालतो. वरातीतला घोडा, करवल्या, मागच्या म्हाताऱ्या आणि मध्येच थांबून नाचणारे मित्र यांची चाल त्याच्या निम्मीही नसते. तेव्हा लयही नव्यानं ठरवायची. रेडिओवर गाणं ऐकणाऱ्याच्या घरात येऊन बसतं. वरातीत ते दारावरून पुढं जातं. या सगळ्या कामाला आम्ही ‘बसवणं’ म्हणतो. चाळीस वर्षं मी वाजवलं, बसवलं आणि शिकवलं. लोक आम्हाला ‘सिनेमाची गाणी वाजवणारे’ म्हणतात तेव्हा मला त्या पायरीवर उभे असलेले मास्तर आठवतात.

माझे वडील, आबा, माणदेशात सनई वाजवायचे. आम्ही होलार. लग्न, जत्रा, देवाची पालखी, सगळीकडे वाजंत्र्यांचं काम आमच्या घराकडे. पाचव्या वर्षी मला आबांनी सूर धरायला बसवलं. सूर म्हणजे सनईच्या साथीचं वाद्य, एकच स्वर देणारं. त्यात बोटांचं काम काहीच नाही, पण तो स्वर तुटू द्यायचा नाही. नाकानं श्वास आत घ्यायचा आणि त्याच वेळी गालात साठवलेल्या हवेनं वाजवत राहायचं. पहिले काही महिने मला ते जमेना. सूर तुटला की आबा मागं न बघता गुडघ्यानं ढोसायचे. मग एक दिवस जमलं, आणि एकदा जमलं की ते पोहण्यासारखं आहे, विसरता येत नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली, लग्नं थांबली, सनई खुंटीला लागली. आम्ही पुण्याला आलो. माझा चुलता, तात्या, तिथं आधीपासून एका बँडमध्ये ढोल वाजवत होता. त्याच्यामागून फिरत मी आधी झांज धरली, मग बत्त्या उचलल्या आणि १९८२ साली युफोनियम हातात घेतलं.

गावात लग्नघरी आम्हाला मांडवाच्या बाहेर बसवत. ज्यांच्या वाजवण्याशिवाय अक्षता पडत नसत त्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, आणि कधी कधी पंगतही नाही. शहरात लाल कोट, सोनेरी दोरी आणि टोपी चढली की जात चटकन ओळखू येत नाही, एवढा फरक पडला. पण कार्यालयात मागच्या दारानं या, असं सांगणारे तिथंही भेटले. मास्तरांचा एक नियम होता: जेवण दिलं तर मानानं बसून जेवायचं, नाही दिलं तर मागायचं नाही. म्हणून आमच्या प्रत्येकाच्या वाद्याच्या पिशवीत भाकरीचा डबा असायचा. मी आजही वाजवायला जाताना डबा नेतो.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा मोसम सुरू. त्याआधी, दसऱ्याच्या सुमारास मालक उचल देतो. उचल घेतली की तो मोसम त्या बँडचा, मध्ये सोडून जाता येत नाही. तमाशात आणि ऊसतोडीत जी रीत आहे तीच. मला पहिली उचल सहाशे रुपये मिळाली होती आणि एका वरातीचे वीस रुपये. पौषात लग्नं नाहीत, चातुर्मासात नाहीत. मधले गणपतीचे दहा दिवस सोडले तर पावसाळाभर हात रिकामे. आमच्यातला सॅक्सोफोनवाला त्या दिवसांत रंगकाम करायचा, एक क्लॅरोनेटवाला मार्केट यार्डात हमाली. हमाली करून आलेल्या माणसाची बोटं क्लॅरोनेटच्या भोकांवर नीट बसायला आठवडा लागतो. आमचा रियाज कमी पडतो असं म्हणणाऱ्यांनी तो आठवडा कधी बघितलेला नसतो.

वाद्यं यायची मेरठहून. १९९१ साली मालकांबरोबर मीही गेलो होतो. जली कोठी नावाचा भाग आहे, तिथं घराघरात पितळी पत्रा ठोकण्याचा आवाज चाललेला असतो. नादिर अली यांची कंपनी तिथली सगळ्यांत नावाजलेली, १८८५ पासूनची. देशातल्या निम्म्या वराती या गल्ल्यांतून निघतात, असं मला तिथं उभं राहून वाटलं. एक कारागीर युफोनियमचं तोंड ठोकून गोल करत होता. मी त्याला वाजवून दाखवलं तर त्यानं काम थांबवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, तिसऱ्या चावीची नळी केसभर लांब हवी. त्याला स्वरांची नावं सांगता येत नव्हती. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

ते का बरोबर होतं ते सांगतो, कारण त्यातच आमच्या वाद्याचं सगळं व्याकरण आहे. ट्रम्पेट काय, युफोनियम काय, एकही चावी न दाबता नुसत्या ओठांच्या ताणावर काही स्वर आपोआप निघतात: सा, प, वरचा सा, ग, प. मधले स्वर चाव्यांनी मिळवायचे. दुसरी चावी स्वर अर्ध्यानं खाली आणते, पहिली एका स्वरानं, तिसरी दीडनं. तीन चाव्यांचे निरनिराळे परिणाम एकंदर सात. पण पहिली आणि तिसरी एकत्र दाबली की नळीची एकूण लांबी जरा कमी पडते आणि स्वर चढा लागतो. त्यासाठी वाजवता वाजवता तिसऱ्या चावीची नळी थोडी बाहेर ओढायची असते. खालचा रे याच जोडीवर येतो. मेरठच्या त्या माणसाच्या कानाला तोच रे बोचला होता.

आणि आमचा मोकळा सा म्हणजे पेटीची काळी पाच. गायक काळी एकमध्ये किंवा पांढरी चारमध्ये गात असला की आमची सगळी बोटं बदलतात. ऑर्केस्ट्रातल्या पेटीवाल्याला हे समजावताना माझी अर्धी उमर गेली.

आता १९८८ च्या माघातली गोष्ट. वाईकडचं लग्न होतं, पहाटेचं काम. आदल्या रात्री चाव्यांचं तेल संपलं होतं म्हणून मी खोबरेल घातलं. पहाटे नवरदेवाला मारुतीच्या देवळातून आणायला निघालो आणि माझ्या तिन्ही चाव्या जागच्या जागी थिजल्या. खोबरेल थंडीत गोठतं हे घरच्या बाटलीत रोज बघत होतो, पण युफोनियमच्या आत तेच होईल हे सुचलं नव्हतं. क्लॅरोनेटनं नाट्यपदाचा उठाव घेतला. माझ्याकडे सा, ग आणि प एवढेच स्वर. थांबलो असतो तर मालकांनी पैसे कापले असते, आणि थांबायचं मनातही आलं नाही. मी सा धरला. नाकानं श्वास घेत, गाल फुगवून, आबांशेजारी बसून धरायचो तसा. पद संपेपर्यंत तो तोडला नाही.

काम संपल्यावर मास्तर जवळ आले. मी चाव्या दाखवल्या. त्यांनी चाव्यांकडे बघितलंच नाही. “हे कुठं शिकलास?” म्हणाले. मी सूर धरायचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपण गेली तीस वर्षं सनईवाल्यांची जागा घेतलीय. त्यांचा सूर तेवढा मागं ठेवून आलो होतो.” त्यानंतर आमच्या बँडच्या प्रत्येक नाट्यपदात दुसऱ्या युफोनियमला सूर आला. लोक म्हणायचे, तुमच्या बँडचा आवाज भरलेला वाटतो. का वाटतो ते त्यांना सांगता यायचं नाही.

मास्तर लष्करी बँडातून निवृत्त झालेले. पचमढीला लष्कराचं संगीत शिकवणारं केंद्र आहे, तिथं त्यांचं शिक्षण झालं होतं. त्यांना स्टाफ नोटेशन सहज येत होतं, पण आम्हाला ते सारेगममध्येच शिकवायचे. शाळेच्या वहीत, देवनागरीत, मात्रांच्या उभ्या रेघा मारून. मोसमाच्या तोंडावर चार गाणी आठवड्यात उभी करायची असतात, तिथं पाच रेघांची लिपी शिकवायला वेळ कुणाला? मलाही तिची गरज वाटत नव्हती. कान तयार होता.

१९९३ साली ओळखीनं मला मुंबईत एका सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बोलावलं. प्रसंग लग्नाचा होता आणि खऱ्या बँडचा आवाज हवा होता. मी खुर्चीवर बसलो, समोर कागद आला. पाच रेघा, त्यावर टिपके. वाद्यवृंद सांभाळणाऱ्या गृहस्थांनी हात वर केला, सगळ्यांनी वाजवलं आणि मी गप्प बसून राहिलो. मी म्हणालो, एकदा ऐकवा, मग वाजवतो. सगळे थांबले. कुणी वाईट बोललं नाही. पण तिथं वेळेला पैसे पडतात. थोड्या वेळानं माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला, त्यानं कागद बघितला आणि वाजवलं. माझा भाड्याचा खर्च देऊन मला पाठवलं. परतीच्या गाडीत वाद्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि मला आबांची आठवण येत होती.

मुंबईच्या स्टुडिओत गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या का होती ते मला त्या दिवशी समजलं. गावच्या चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला शिकवत. आल्दोनाचे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’मध्ये, १९५१ साली, त्यांच्या बँडला पडद्यावरही आणलं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंदलेखन वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसूझा करत होते. म्हणजे ज्या व्हायोलिनांचं काम मास्तरांनी दोन क्लॅरोनेटांत वाटलं, तसल्या ओळी कागदावर उतरवणारा हा माणूस. आणि वर्षानुवर्षं ती गाणी वाजवूनही मी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. तबकडीवर संगीतकाराचं नाव असायचं, कवीचं, गायकाचं. बसवणाऱ्याचं नसायचं.

आणखी एक नाव मला तेव्हा कळलं, पंडित रामप्रसाद शर्मा. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलालजींचे वडील. ते ट्रम्पेट वाजवत आणि त्यांनी मुंबईत कितीतरी जणांना वाचायला-लिहायला शिकवलं. लोक त्यांना बाबाजी म्हणत. तोंडाला ट्रम्पेट लावणारा माणूस शिकवू शकतो आणि त्याचं शिकवणं त्याच्या वाजवण्याहून लांब पोचतं, हे ऐकून मला बळ आलं. मी मास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, मला स्टाफ शिकवा. दोन पावसाळे ते मला शिकवत होते. फी म्हणून फक्त त्यांच्या वह्या नीट बांधून देण्याचं काम घेतलं.

दरम्यान धंदा बदलत होता. शहरात ढोल-ताशा पथकं वाढली, गावागावात डॉल्बी आली. सन २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहाला वरात थांबायला लागली. ते नियम योग्यच आहेत. रात्री बारापर्यंत ओठ झिजवणाऱ्या माणसाला त्यांचं दुःख होत नाही. पण जिथं डॉल्बी उभी राहते तिथं दारातल्या म्हातारीला मुखडा कधी येतो हा प्रश्नच उरत नाही. तिनं दार लावून घेतलेलं असतं. आमच्या बँडची माणसं अकरावरून सातवर आली. पुण्यात प्रभात, दरबार यांसारखे बँड गणपतीच्या मिरवणुकीत आजही मानानं वाजतात, लक्ष्मी रस्त्यावर लोक त्यांची वाट बघतात. आमच्यासारख्या छोट्यांना मात्र दुसरं काहीतरी शोधावं लागलं.

मला २००४ साली एका शाळेनं बँड शिकवायला बोलावलं. वीस मुलं होती, तेरा वाद्यं, त्यातली चार वाजण्याजोगी. पहिला महिना मी वाद्याला हात लावू दिला नाही. वहीच्या कागदाचा चतकोर तुकडा भिंतीला लावायचा आणि फुंकरीनं तो तिथंच धरून ठेवायचा. जो वीस सेकंद धरील त्याला माउथपीस. माउथपीसवर ओठांची नुसती भुणभुण स्वच्छ निघाली की मग वाद्य. पालक विचारायचे, गाणं कधी? मी म्हणायचो, पंधरा ऑगस्टला. माझ्या मनात मात्र धाकधूक होती, कारण त्या मुलांना वाजवता येईल असं एकही तयार गाणं मला सापडत नव्हतं. सिनेमाची गाणी त्यांच्या श्वासाला लांब, आणि लष्करी मार्च बोटांना जड.

म्हणून मी चाल बांधली. माझ्या आयुष्यातली पहिली पूर्ण नवी चाल. भूप घेतला, कारण त्यात पाचच स्वर. सा मोकळा, प मोकळा. ग आणि ध दोन्ही पहिल्या-दुसऱ्या चावीवर. राहिला रे. तो पहिल्या-तिसऱ्यावर, तोच मेरठचा रे, जो चढा लागतो आणि ज्याला नळी ओढावी लागते. दहा वर्षांच्या मुलाची बोटं तिथवर पोचत नाहीत. म्हणून माझ्या चालीत खालच्या रेवर कुठंही मुक्काम नाही. सगळीकडे तो जाता जाता स्पर्शून जातो, कानाला चढा लागायच्या आत ग येतो. लांब थांबायचं असेल तिथं मी प ठेवला किंवा वरचा सा. वरचा रे नुसत्या पहिल्या चावीवर मिळतो, तिथं थांबायला हरकत नव्हती, पण ती उंची नवशिक्या ओठांना पेलत नाही, म्हणून तो एकदाच आणला, शेवटच्या फेरीत, फक्त ज्यांना जमेल त्यांच्यासाठी. दर चार पावलांनी श्वासाची जागा. आणि खाली, युफोनियमला, सूर.

पंधरा ऑगस्टला मुलं मैदानाला एक फेरी मारून ती वाजवत गेली. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे कुठल्या सिनेमातलं? मी सांगितलं, सिनेमातलं नाही, या मुलांसाठी केलेलं आहे. ते म्हणाले, छान आहे. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत ‘बँडवादन’ एवढंच छापलं होतं.

तेव्हापासून मी बावीस चाली बांधल्या. सगळ्या कुणासाठी तरी मापानं शिवलेल्या. एका मुलाचे समोरचे दात पडले होते, त्या महिन्यापुरता त्याला खालच्या तीन स्वरांचा भाग लिहून दिला. एका मुलीला दमा होता आणि तिला युफोनियमच हवं होतं. डॉक्टरांना विचारून मी तिचा भाग दोन मुलांत वाटला, क्लॅरोनेटांसारखा, एक थांबेल तिथं दुसऱ्यानं घ्यायचं. ती आता माझ्या रविवारच्या वर्गात लहान मुलांना कागद भिंतीला धरायला शिकवते. पोलीस भरतीत बॅण्ड्समनच्या जागा निघतात, तिथं माझी दोन मुलं लागली. पहिला पगार झाला त्या दिवशी त्यातला एक वर्दीतच आला होता. त्याचा बाप आमच्या बँडमध्ये बत्ती उचलायचा. बाप माझ्या पायाशी वाकायला लागला तेव्हा मी त्याला धरलं. वाजवणाऱ्या माणसाला दर महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो, हे आमच्या घरांत कुणी बघितलेलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये ऐन मोसमात सगळं बंद झालं. उचल घेतलेली, खर्च झालेली, आणि वराती नाहीत. तात्याचा मुलगा हातगाडीवर भाजी विकायला लागला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. पंचवीसात बँड कुठं बसवणार? त्याच महिन्यात मास्तर गेले. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची यात्रा वाजवत नेली त्यांच्यापुढं कुणाला वाजवता आलं नाही. मी घरी माउथपीस तोंडाला लावला आणि परत ठेवून दिला.

सहा महिन्यांनी त्यांच्या मुलानं वह्या आणून दिल्या. सदतीस वह्या, मीच बांधलेल्या. रविवारच्या वर्गातल्या मुलांसाठी मी त्या आता स्टाफमध्ये उतरवतो आहे. रोज रात्री एक-दोन पानं. प्रत्येक पानावर वरती सिनेमाचं किंवा नाटकाचं नाव, संगीतकाराचं नाव, वर्ष. मास्तरांनी स्वतःचं नाव एकाही पानावर लिहिलेलं नाही. ‘मानापमान’मधल्या पदाच्या पानावर मात्र दुसऱ्या युफोनियमच्या ओळीसमोर ‘सूर’ असं लिहून कंसात माझं आडनाव घातलं आहे. बारीक अक्षरात, शिसपेन्सिलीनं. तेहतीस वर्षं ती वही त्यांच्याकडे होती आणि ते मला कधी बोलले नाहीत.

मी उतरवलेल्या प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात आता मास्तरांचं नाव लिहितो. आधी ‘बसवणूक’, पुढं त्यांचं पूर्ण नाव. तारीख कळत नाही तिथं आठवेल तो मराठी महिना लिहितो.

एक खूण मला अडत होती. सगळ्या वह्यांत, अंतऱ्याच्या मधेच, कुठल्याही मात्रेवर एक छोटा गोल. सम नाही, खाली नाही, श्वासाचीही जागा नाही. बरेच दिवस मी तो सोडून देत होतो. मग परवा ‘सूरज’चं पान उघडलं आणि तो गोल नेमका तिथं होता जिथं त्या संध्याकाळी हातगाडी वळली होती. इथून हवं तर मुखड्यावर जा. पाच रेघांच्या लिपीत परत जाण्याच्या खुणा पुष्कळ आहेत, पण वाजवणाऱ्यानं पुढचा रस्ता बघून ठरवायचं, अशी मला एकही सापडली नाही. मी गोल तसाच काढला आणि मुलांसाठी त्याच्याखाली मराठीत लिहिलं: वळण.